अंगण आधी सरळ करून घेऊ

आमच्या शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी आपसात वर्गणी काढून ६०,००० रुपये जमवले आहेत आणि ते शाळेच्या वाद्यवृंदाला द्यायचे ठरवले आहे. ही मुले आता पुण्याला, बंगळूरला, एक तर पार कॅनडात नोकरी करतो, आणि शनिवार-रविवारी हौसेने बँडमध्ये वाजवतात. शाळेची आठवण ठेवली याचा आनंद आहेच. पण देणगीबरोबर इच्छाही कळवली आहे. या पैशांतून पाच तारांची नवी बेस गिटार आणि ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. व्यवस्थापन समितीने आमचे मत विचारले. समितीला ते लेखी दिलेच आहे, पण पालकांनाही कळावे म्हणून येथे मांडतो. वाद्य विकत घेण्याचा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे आणि दुकानदाराखेरीज त्यावर कोणी बोलत नाही.

आमचे मत असे की नवी गिटार घेऊ नये. निदान आत्ता नाही.

यावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार थोडाच आहे. कॉलेजात असताना, १९९०च्या आसपास, इंदूरच्या गणेशोत्सवांतल्या ऑर्केस्ट्रात चार वर्षे आम्ही बेस वाजवला. गिटार दुसऱ्याची, ॲम्प्लिफायर मंडपवाल्याचा, आणि तारा तुटेपर्यंत त्याच. पुढे शिक्षकाच्या नोकरीत वाजवणे कमी झाले, पण हौस गेली नाही. (आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले, तेव्हा मराठीत हिंदी डोकावली तर नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.) हिंदीत एक म्हण आहे, ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’. मराठीतही ती तशीच आहे, नाचता येईना अंगण वाकडे. हौशी वादकांच्या बैठकीत बसलात तर ही म्हण दर दहा मिनिटांनी आठवते. वाजवणे बसत नाही, मग तारा बदल, पिकअप बदल, शेवटी गिटारच बदल. पण इतकी वर्षे मुलांच्या हातातली वाद्ये पाहून आम्हाला या म्हणीची दुसरी बाजूही दिसू लागली आहे. कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. आणि ते सरळ करायला नवे घर बांधावे लागत नाही.

थोडे मुळापासून सांगतो. बेस गिटारचा जन्म अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातला. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवता न येणारा. त्या काळी बँडमध्ये खालचे सूर वाजवायला डबल बेस असे, माणसापेक्षा उंच, मोटारीत न मावणारा, आणि ढोल-ट्रंपेटच्या गोंगाटात ऐकूही न येणारा. त्याच्या मानेवर पडदे नसतात, म्हणून सूर नेमका लावायला वर्षानुवर्षे रियाझ लागतो. फेंडरने १९५१ मध्ये गिटारसारखी गळ्यात अडकवायची, पडदे असलेली, विजेवर चालणारी बेस काढली आणि तिचे नाव ठेवले प्रिसिजन, म्हणजे नेमका सूर देणारी. तारेची लांबी ठेवली ३४ इंच. आजही जगातल्या बहुतेक बेस गिटारी याच लांबीच्या असतात. १९६० मध्ये त्याने जॅझ बेस काढला, त्याची मान नटापाशी बरीच अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटर. प्रिसिजनची त्या वेळी सुमारे ४४ मिलिमीटर होती. सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. लहान हाताच्या मुलाला विचारा.

चार तारा, ई, ए, डी आणि जी. सर्वांत जाड ईची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पाचवी तार घेतली तर बी, सुमारे ३१ वेळा. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला हे सूर काढणे जमत नाही, वरचे अंश ऐकून आपला कान खालचा सूर मनाने भरून घेतो. म्हणून एखादे पालक संमेलनाचे चित्रीकरण मोबाईलवर पाहून म्हणतात, ‘आमचा मुलगा उभा तर दिसतो, पण वाजवतो काय?’ त्यांचा दोष नाही. हेडफोन लावून ऐकावे.

तंबोऱ्यालाही बहुधा चारच तारा असतात, शेवटची खर्जाची. ज्या घरांत तंबोरा आहे त्यांना जवारी ठाऊक असते. घोडीचा पृष्ठभाग जरा उंच-सखल झाला, दोरा इकडचा तिकडे झाला, की वाद्य तेच, तारा त्याच, पण आवाजातला प्राण जातो. मग जाणकाराकडून जवारी काढून घ्यायची. जवारी बिघडली म्हणून तंबोरा टाकून नवा आणल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. बेस गिटारलाही असेच लावून घ्यावे लागते, त्याला सगळे सेटअप म्हणतात. फरक एवढाच की तंबोऱ्याची जवारी काढायची हे आजोबांना माहीत होते, गिटारचे सेटअप करायचे हे दुकानातून खोके घरी आणणाऱ्या बापाला कोणी सांगत नाही. कारखान्यातून निघालेले वाद्य जहाजातून, ट्रकमधून, गोदामातून फिरून आपल्या मालव्यात येते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळा, मग जुलैची ओल. आणि त्याहून वाईट म्हणजे आपला कूलर! गिटार कूलरसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. वर चार तारा मिळून मानेला साधारण ७० ते ८० किलोच्या जोराने ओढत असतात. मान वाकणार नाही तर काय होईल?

या ओढीला तोल द्यायला मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारा सुरात लावून घ्यायच्या. मग जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर अशी दोन्हीकडे दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांत किती फट राहते ते बघायचे. साधारण एक तृतीयांश मिलिमीटर असावी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. मोटारसायकल मेकॅनिककडे फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा फीलर गेज असतो, तो मिळाला तर उत्तमच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे आवळायचा, नसेलच तर डावीकडे सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून मग मोजायचे. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबायचे आणि जाणकाराकडे जायचे, कारण ट्रस रॉड तुटला तर स्वस्तातल्या गिटारची दुरुस्ती परवडत नाही.

मान झाली की मग घोडीवरच्या सॅडलची उंची. बाराव्या पडद्यावर तार किती वर आहे ते साध्या पोलादी पट्टीने मोजावे. जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तार दोनच्या आसपास असेल तर बहुतेकांच्या हाताला सोसते. कोणी जोरात वाजवणारा असेल तर थोडी वर ठेवावी, नाहीतर तारा पडद्यांवर खडखडतात. शेवटी सूर. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि त्याच जागी दाबून निघणारा सूर एक आला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचे, उतरा असेल तर पुढे. आता फोनवर ट्यूनर फुकट मिळतो, कानावर भरवसा नसेल तरी अडत नाही. हा क्रम मात्र मोडू नये. पुष्कळ हौशी मंडळी आधी सॅडल खाली करून बसतात, मग खडखड सुरू होते, मग ट्रस रॉडला हात घालतात आणि रात्री बारा वाजता आम्हाला फोन करतात.

एवढे सविस्तर का लिहिले ते सांगतो. आमच्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी वाद्यवृंदात बेस घेतला. महिन्याभरात ती संगीताच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागली. विचारले तर म्हणाली, ‘सर, बोटं सोलली. मनगट पण दुखतं. मला नाही जमणार.’ वडील भेटायला आले. सज्जन गृहस्थ, मुलीवर माया करणारे. ते म्हणाले, ‘अहो सर, मुलींच्या हातचं आहे का ते? तिला आपलं सुगम संगीतात घाला. तिची आजी पण तेच म्हणते.’ आम्ही त्यांना संगीताच्या खोलीत नेले आणि त्यांच्याच हातात पट्टी दिली. बाराव्या पडद्यावर जाड तार पाच मिलिमीटर वर होती. म्हटले, ‘आता तुम्हीच दाबून पाहा.’ त्यांनी दाबली. त्यांचा हार्डवेअरचा व्यवसाय आहे, हात काही नाजूक नाहीत. दोन मिनिटांनी बोटे चोळत म्हणाले, ‘हे तर कुणालाच जमणार नाही.’

ती गिटार शहरातल्या एका कारागिराकडे दिली. मान सरळ झाली, नटातल्या खाचा खोल झाल्या, तारा नव्या लागल्या. मजुरी ८०० रुपये आणि तारांचे वेगळे. जाड तार आता अडीच मिलिमीटरवर आहे. मुलगी वाजवते आहे. ती फार मोठी वादक होईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, पण ती जमत नाही म्हणून सोडणार होती, आणि न जमण्याचे कारण तिच्यात नव्हते, अडीच मिलिमीटरात होते. अशी किती मुले गणितात, चित्रकलेत आणि कुठे कुठे वाकड्या अंगणापायी बाहेर पडत असतील, हा विचार मुख्याध्यापकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पण तो विषय वेगळा.

‘मुलींच्या हातचं नाही’ याचे उत्तर मात्र तिथेच द्यायला हवे होते आणि दिले. अमेरिकेतल्या कॅरल के, जन्म १९३५. त्या आधी गिटार वाजवत. १९६३ मध्ये ठरलेला बेसवादक स्टुडिओत आलाच नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांचाच बेस वाजला. आणि आपल्याकडे मुंबईची मोहिनी डे, लहानपणी वडिलांकडून बेस शिकली, वयाच्या विशीत ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून जगभर फिरली. वडिलांनी तिचे चित्रीकरण पाहिले. काही बोलले नाहीत, पण रुंद पट्ट्याचे पैसे स्वतःहून दिले. बेस गिटार चार किलोच्या आसपास असते, अरुंद पट्टा खांद्यात रुततो. रुंद पट्टा ही चैन नव्हे.

आता हौशी मंडळींच्या वादांकडे येतो. पालकांना हे वाद घरात ऐकावे लागतात, तेव्हा आमची मते सांगून टाकतो. पटली नाहीत तर सोडून द्यावीत.

चार तारा की पाच? शिकणाऱ्याला चार. पाचवी तार आली की मान रुंद होते, आणि न वाजवलेली जाड तार आपोआप घुमत राहू नये म्हणून तिला सतत दाबून गप्प ठेवावे लागते. हे कौशल्य नंतरचे. आपल्या संमेलनात जी गाणी बसतात त्यांतले एकही पाचव्या तारेवाचून अडलेले नाही.

सपाट तारा की खरबरीत? सपाट, म्हणजे फ्लॅटवाउंड, बोटांना मऊ, आवाज गोल, आणि वर्षानुवर्षे चालतात. खरबरीत, म्हणजे राउंडवाउंड, चमकदार, पण चमक काही महिन्यांत जाते. मग मंडळी तारा काढून पाण्यात उकळतात. हसू नका, खरेच उकळतात. वेढ्यांतला मळ निघतो आणि काही दिवस आवाज पुन्हा उजळतो. घरातले भांडे मात्र आईला विचारून घ्यावे. आमची पसंती जुन्या गाण्यांसाठी सपाट तारांना. आजच्या मुलांना ते पटत नाही आणि त्यांचेही खरे असू शकते, कारण फ्रेट काढून टाकलेल्या बेसवर खरबरीत तारा लावून जॅको पास्टोरियसने जो आवाज काढला तो सपाट तारांतून निघाला नसता.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? ॲक्टिव्ह गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि ती बरोबर कार्यक्रमाच्या दिवशी संपते. गिटारमध्ये केबल खुपसलेली राहिली तर न वाजवताही संपते. शाळेसाठी पॅसिव्ह.

लाकडाने विजेच्या गिटारच्या आवाजात किती फरक पडतो यावर तर लोक हमरीतुमरीवर येतात. आम्ही एवढेच म्हणू की लाकडाचा वाद करण्याआधी तारा कधी बदलल्या ते आठवावे. बोटाने वाजवावे की पिकने, या वादात पडायचे कारणच नाही. कॅरल के पिकने वाजवत आणि मोटाउनचा जेम्स जेमरसन एका तर्जनीने.

जेमरसनचे नाव निघाले म्हणून माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने घेतलेली हरकत सांगतो, कारण ती बिनतोड वाटते. तो लिहितो, ‘सर, जेमरसनच्या गिटारच्या तारा तर खूप उंच होत्या आणि तो त्या बदलतही नसे. मग तुमच्या अडीच मिलिमीटरचं काय?’ माहिती खरी आहे. पण जेमरसन डबल बेसवरून आलेला होता, त्याच्या हाताला उंच, जाड तारांची सवय मुळातच होती. आणि तो डबल बेसकडे वळला कुठे? १९५४ मध्ये आईबरोबर डेट्रॉइटला आल्यावर, तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये. ज्याच्या बेसवर मोटाउनची गाणी उभी राहिली त्याच्या कलेची सुरुवात शाळेत झाली. समितीच्या सभासदांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी विनंती. शाळेचे वाद्य कोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही, म्हणून ते वाजण्याजोगे ठेवणे हे आपले काम. उंच तारा आवडणाऱ्याने त्या उंच करून घ्याव्यात, ते त्याने निवडलेले असेल. आमच्या विद्यार्थिनीने पाच मिलिमीटर निवडलेले नव्हते.

याच जेमरसनची दुसरी गोष्ट. मोटाउन कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापत नसत. १९७१ मध्ये मार्व्हिन गेच्या एका तबकडीवर त्याचे नाव पहिल्यांदा ठळकपणे आले, तोवर त्याची गाणी अमेरिकाभर वाजून झाली होती. तो १९८३ मध्ये वारला आणि २००० मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. आपल्या हिंदी सिनेमातही वेगळे नव्हते. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य काढले, राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत, पण कॅसेटच्या वेष्टनावर आम्ही गायकांचीच नावे वाचत मोठे झालो. आपल्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतही गायकांची नावे आणि खाली ‘साथ : शालेय वाद्यवृंद’ एवढेच असते. या वर्षीपासून प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य छापले जाईल. याला खर्च शून्य, म्हणून समितीची मंजुरी आम्ही मागितलेली नाही.

आता ३०० वॅट. मोठ्या ॲम्प्लिफायरचा मोह सगळ्यांना असतो, पण वॅट आणि आवाज यांचे गणित दुकानात सांगतात तसे नसते. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे १०० ऐवजी ३०० वॅट घेतले तर तिप्पट आवाज येत नाही, जेमतेम ५ डेसिबलची भर पडते. आमच्या सभागृहाला १०० वॅटचा बेसचाच ॲम्प्लिफायर पुरतो. ‘बेसचाच’ हा शब्द महत्त्वाचा. घरी साध्या गिटारचा छोटा ॲम्प असेल तर त्यावर बेस हळू वाजवायला हरकत नाही, पण मोठ्याने वाजवला तर त्याचा स्पीकर खालचे सूर झेलू शकत नाही आणि फाटतो.

कानांचेही बघायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सार्वजनिक कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, तीही मोठ्यांच्या जलशांसाठी. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते त्यालाच आपली मुले बेस समजू लागली आहेत. तो बेस नव्हे, तो मार आहे. बेस चांगला वाजत असला की वेगळा लक्षातही येत नाही, थांबला की गाणे पोकळ झाल्याचे कळते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. ॲम्प्लिफायर घूं करत असेल आणि तारांना हात लावताच घूं कमी होत असेल तर ते बहुधा साधेच असते. पण तारांना किंवा माइकला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वाजवणे तत्काळ बंद करून प्लग काढावा. ते अर्थिंगचे काम आहे, गिटारचे नव्हे. आवाज घुमतो म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग आम्ही मंडपांत पाहिले आहेत. शाळेच्या रंगमंचावरचे सगळे सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत असे समितीला कळवले आहे, आणि हे काम देणगीच्या पैशांतून नाही तर शाळेच्या खर्चातून व्हावे.

तर ६०,००० रुपयांचे काय करावे? शाळेत सध्या दोन बेस गिटारी आहेत. एक लागली, दुसरीही कारागिराकडे द्यावी. १०० वॅटचा एक बेस ॲम्प्लिफायर घ्यावा. एक गिटार जरूर नवी घ्यावी, पण पाच तारांची नाही, ३० इंची, लहान लांबीची, सहावी-सातवीच्या मुलांसाठी. तिला खेळणे म्हणणाऱ्यांना सांगावे, की बीटल्सचा पॉल मॅकार्टनी याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस ३० इंचाचीच होती. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्याला परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. खेळण्यासाठी कोणी पन्नास वर्षे हळहळत नाही. यातून उरेल ती रक्कम एका बेसवादकाला महिन्यातून दोन शनिवार मानधन देऊन बोलावण्यासाठी ठेवावी. आमच्या हिशोबाने वर्षभर पुरते.

माजी विद्यार्थ्यांना हे कितपत रुचेल ते पाहायचे. नवी चकचकीत गिटार रंगमंचावर दिसते, फोटोत येते, देणाऱ्याला समाधान मिळते. सरळ केलेली मान फोटोत दिसत नाही. कॅनडातल्या मुलाचा फोन आला होता. पंधरा मिनिटे पाचव्या तारेची बाजू मांडली आणि शेवटी म्हणाला, ‘सर, माझ्या घरी दोन गिटारी न लावता पडल्यात, त्यांच्यावर कूलर नाही पण हीटर आहे.’ आम्ही म्हटले, ‘बाळा, आधी एक फूटपट्टी घे.’ बाकीच्यांचे उत्तर यायचे आहे. त्यांचा आग्रह कायम राहिला तर समिती बहुमताने ठरवील आणि जे ठरेल ते आम्ही पाळू, मत मात्र हेच राहील.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, चौथ्या तासानंतर, संगीताच्या खोलीत आम्ही आणि संगीतशिक्षक बसणार आहोत. ज्यांच्या घरी बेस किंवा साधी गिटार पडून आहे त्यांनी ती घेऊन यावे. मोजून देऊ, जमेल तेवढे लावून देऊ, न जमेल ते कारागिराकडे पाठवायला सांगू. पालक आले तर आणखी बरे. येताना गिटारबरोबर खोक्यातून आलेली ॲलन की शोधून आणावी. ती बहुधा देवघराच्या नाहीतर शिलाईच्या डब्याच्या आसपास सापडते. ज्यांना नवीन तारा लावून हव्या असतील त्यांनी त्या स्वतः आणाव्यात, शाळेत तारांची विक्री होणार नाही.